चाखायची पळी आणि घाटातला दगड

पूर्वी वेणुनगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने मीठ वाहणाऱ्यांच्या घरी जन्म घेतला होता. राजाचं या गोष्टीत पुढे काही काम नाही. पण त्याच्या राज्यात घाटवाटेवर चोराचिलटांचं भय नव्हतं, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

ही गोष्ट कुणासाठी सांगितली गेली, ते आधी ऐका. शास्त्यांच्या, म्हणजे बुद्धांच्या, संघात सुयाम नावाचा एक भिक्षू होता. पन्नाशीला टेकल्यावर त्याने चीवर घेतलं होतं. एका सकाळी त्याने सगळे कडक नियम एकदमच अंगावर घेतले. दिवसाला चार घास खायचे, पाठ जमिनीला टेकवायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, थंडी असो की ऊन, झाडाखालीच राहायचं. चार दिवस त्याने रेटलं. पाचव्या दिवशी एका उपासिकेने त्याला जेवायला बसवून खीर वाढली, तेव्हा त्याने एवढी खाल्ली की उचकी थांबेना. मग शरमेने झोळी खांद्याला लावून तो आपल्या गावी परत निघाला. शास्त्यांनी त्याला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सुयामा, हा घोळ तू पहिल्यांदाच घालत नाहीस. मागे एका जन्मीही घातला होतास. बस, ऐक, आणि मग जायचं तर जा."

तर वेणुनगर होतं डोंगराच्या पायथ्याशी. वर पठारावर गावं वसलेली, आणि दोहोंमध्ये एकच आठ वळणांचा घाट. त्या वाटेने गाडी चालत नसे. बोधिसत्त्वाचं त्या जन्मीचं नाव वत्सक. त्याचे बारा बैल पाठीवर मिठाच्या गोण्या घेऊन घाट चढायचे आणि धान्य घेऊन उतरायचे. हा माणूस माणसांशी कमी बोलायचा, बैलांशी मात्र दिवसभर.

त्याच नगरात बलसेन नावाचा लाडू-मोदक करणारा राहत होता. हात असा की त्याच्या लाडवांसाठी लोक पठारावरून खाली उतरत. त्या धंद्याची एक रीत होती. पाक झाला की नाही ते जिभेवर ठरवायचं. बलसेनच्या वडिलांनी त्याला एक तांब्याची पळी दिली होती आणि सांगितलं होतं, "दर कढईचा पळीभर पाक चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही." बलसेन हे तंतोतंत पाळायचा. पळीभर पाक, मग एक लाडू फोडून बघायचा, मग कढईच्या कडा खरवडायच्या. वीस वर्षांत तो एकदाही धड जेवायला बसला नव्हता आणि एकदाही उपाशी राहिला नव्हता. आता वाकलं की धाप लागे, उभं राहिलं की गुडघे कुरकुरत. घराच्या माडीची शिडी त्याने दहा वर्षांत चढली नव्हती. बायको रेवती म्हणायची, "माडीवर मी दुसरा संसार थाटला तरी तुम्हाला पत्ता लागायचा नाही."

त्यांची एकुलती एक लेक अनुला पठारावर दिलेली होती. मार्गशीर्षात तिचा निरोप आला, "चैत्रात बाळ होईल. बाबा, पाळणा आणाल ना?"

निरोप ऐकून बलसेन खाली बसला तो बराच वेळ उठला नाही. कारण पठाराची रीत त्याला माहीत होती. पहिलं मूल झालं की बाराव्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, मुलीच्या बापाने पाळणा स्वतःच्या खांद्यावर घाट चढून आणायचा. बैलावर लादायचा नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, वाटेत जमिनीला टेकवायचा नाही. दमलं तर झाडाला टांगून खुशाल बसावं. बाप नसेल तर मामाने आणावा. पण बाप जिवंत असून आला नाही, तर सासूने सुनेच्या मनगटावरचा माहेरचा दोरा सोडून चुलीत टाकायचा. मग ती मुलगी पुन्हा घाट उतरत नसे आणि तिच्या माहेरच्या कुणाला वर दारात घेत नसत. रीत कठोर होती खरी. पण त्या घाटात बाळंतिणी दगावल्या होत्या. ज्या माहेराला एकदा वर येववत नाही, त्याच्या भरवशावर तान्हं घेऊन लेकीला खाली कसं सोडायचं, असं जुन्या लोकांनी ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बलसेन काठी टेकत वत्सकाच्या गोठ्यात गेला. मनगटातलं सोन्याचं कडं काढून त्याने पुढे धरलं.

"हे घे. पाळणा तू ने. घाटात कोण बघतंय? वरच्या वळणावर माझ्या खांद्यावर दे, म्हणजे झालं. मला एखाद्या बैलावर बसव."

कडं चांगलं जड होतं. वत्सकाच्या बारा बैलांइतकी त्याची किंमत असेल. त्याने ते परत बलसेनच्या मनगटात चढवलं.

"मी नेला तर वर मिठाची गोणी पोचेल, शेटजी. बाप पोचायचा नाही."

"मग मी काय करू?"

"चालायला शिका. चार महिने आहेत. बैलाला पुरतात."

"मला बैल म्हणतोस?"

"बैलाला मी वाईट समजत नाही," वत्सक म्हणाला. "पण एक सांगतो, हळू घ्या. थोडं थोडं."

बलसेनने एवढंच ऐकलं की कडं नाकारलं गेलं. तो तडक चौकात गेला आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली, "आजपासून गोडाचा कण जिभेला लावणार नाही आणि रोज घाट चढेन." शपथ ऐकायला बरीच गर्दी जमली. लोकांना फुकटची करमणूक हवीच असते.

पहिल्याच दिवशी तो दुसऱ्या वळणापर्यंत गेला आणि खाटेवर घालून खाली आला. चौघांनी उचलला, आणि चौघांनीही आठवडाभर ते बोलून दाखवलं. गुडघे सुजून टम्म झाले. तरी तो जिद्दीला पेटला होता. सुजल्या पायांनी चुलीपुढे बसून त्याने नगरशेटच्या घरच्या लग्नाचे पाचशे लाडू वळले, आणि शपथ घेतली म्हणून एकही कढई चाखली नाही. त्या खेपेचा गूळ खारवट जमिनीतल्या उसाचा होता. पहिल्या कढईला जीभ लावली असती तर कळलं असतं. ते कळलं लग्नाच्या पंगतीत. वऱ्हाडाने तोंडं वेडीवाकडी केली आणि सगळ्या टोपल्या परत आल्या.

बलसेनने टोपल्या कोठीत नेल्या, दार लोटून घेतलं आणि खायला बसला. रेवतीने दार उघडलं तेव्हा एक टोपली रिकामी झाली होती.

"खारट आहेत ना?" तिने विचारलं.

"आहेत."

"तरी खाल्लेत?"

बलसेनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "माझ्याने व्हायचं नाही गं. लेक गेली आपली."

रेवतीला रागही आला होता आणि त्याची कीवही आली होती. ती त्याच्याजवळ जमिनीवर बसली. "अति तिथे माती," ती म्हणाली. "खाण्यात अति, आणि सोडण्यातही अति. त्या मिठवाल्याने काय सांगितलं होतं, ते तरी नीट ऐकून आलात का?"

तो बाजाराचा दिवस होता. वत्सक दर बाजाराला बैलांसाठी गूळ न्यायला येई, तसा त्या सकाळीही आला. बलसेनला वाटलं, हाही टोचून बोलणार.

"थट्टा करायला आलास?"

"गूळ न्यायला आलोय. खारट असला तर बरंच झालं. बैल मिटक्या मारत खातील."

बलसेनला त्या अवस्थेतही हसू आलं. मग वत्सक त्याला गोठ्यात घेऊन गेला आणि चांद्या नावाचा नवा बैल दाखवला. "हा आला तेव्हा नुसतं खोगीर घातलं तरी लोळायचा. आठ दिवस मी याला रिकाम्या खोगिराने वेशीपर्यंत नेऊन परत आणला. मग गोणीत एक ओंजळ मीठ. दुसऱ्या दिवशी आणखी एक ओंजळ. आज दीड मण वाहतो. वजन कधी वाढलं, त्याचं त्याला कळलं नाही. पहिल्याच दिवशी दीड मण घातलं असतं तर मान मोडली असती, आणि मी म्हणत बसलो असतो, बैल वाईट निघाला."

"आणि हा गूळ?"

"बाजाराच्या दिवशी एक खडा देतो. खड्यासाठी तो सात दिवस वाट बघतो. रोज दिला तर त्याला गूळ आणि कडबा सारखाच."

वत्सकाने मग बलसेनच्या कमरेला खोचलेली पळी बघायला मागितली. हातात घेऊन फिरवली. "ही वडिलांची ना? ते दिवसाला किती कढया करायचे?"

"दोन."

"आणि तुम्ही?"

"बारा," बलसेन म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं तो वडिलांचा शब्द पाळत होता, पण वडिलांच्या सहापट चाखत होता, आणि हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"चाखणं सोडू नका, तो तुमचा धंदा आहे," वत्सक म्हणाला. "या बाजारापासून पळी अर्धी भरा. पुढच्या बाजारापासून पाव. मग काडीचं टोक बुडवून जिभेला लावा. जीभ तीच आहे, तिला काडी पुरते. लाडू फोडून बघायचा तर दुसऱ्याला द्या. आणि पौर्णिमेला एक अख्खा लाडू खायचा. पानावर ठेवून, मांडी घालून, रेवतीवहिनींबरोबर. तोही चुकवायचा नाही."

"आणि घाट?"

"आज वेशीच्या पाणपोईपर्यंत चला. तिथे एक दगड ठेवा. उद्या दगडाच्या वीस पावलं पुढे, आणि दगड तिथे न्यायचा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चाळीस पावलं चालून वसूल करायला जायचं नाही. आहे त्या दगडापासून पुढे. दगड मागे मात्र आणायचा नाही."

बलसेन त्या दिवशी पाणपोईपर्यंत गेला. ती घरापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथे त्याने डोक्याएवढा पांढरा गारेचा दगड ठेवला. गुराखी हसले. एक म्हणाला, "शेटजी, या वेगाने नातवाच्या लग्नाला पोचाल."

रोज वीस पावलं. पहिले काही दिवस तर मुलंही दगडाबरोबर चालून बघत. मग त्यांनाही कंटाळा आला, पण बलसेन चालत राहिला. पुढे वीसची चाळीस झाली, चाळीसची शंभर. कुणी लाडवाचा आग्रह केला की तो म्हणे, "पौर्णिमेला." लोक त्याला पौर्णिमेचा बलसेन म्हणायला लागले. म्हणोत बापडे.

पौषातली पौर्णिमा आली तेव्हा त्याला भीती वाटली. एक खाल्ला आणि पुन्हा टोपली संपवली तर? तरी सांगितल्याप्रमाणे तो पान मांडून रेवतीसमोर बसला. तिळाचा लाडू तोंडात घातला आणि चावता चावता थांबला.

"काय झालं?" रेवती म्हणाली.

"यात वेलची जास्त पडतेय."

"दहा वर्षं सांगतेय मी."

तो अख्खा लाडू त्याने सावकाश संपवला. आयुष्यात त्याने हजारो लाडू पोटात घातले होते, पण लाडू खाल्ला असा हा पहिलाच. दुसरा घ्यावासा वाटला, नाही असं नाही. त्याने पान उचललं आणि हात धुतले.

माघात दगड तिसऱ्या वळणापलीकडे गेला, आणि बलसेनला तापाने धरलं. दहा दिवस अंथरूण सुटलं नाही. उठला तेव्हा पाय लटलटत होते. "संपलं," तो म्हणाला. "आता पुन्हा पाणपोईपासून."

"का बरं?" रेवती म्हणाली. "दगड होता तिथेच आहे. मी रोज जाऊन बघून येते. परवा पोरांनी ढकलला होता, पुन्हा जागेवर ठेवला."

तापाच्या दहा दिवसांत ही बाई त्याचं सगळं करून, रोज तीन वळणं चढून त्या दगडाशी जाऊन येत होती. दोन दिवसांनी तो तिच्याबरोबर निघाला. चारदा बसला, पण दगडापर्यंत पोचला. त्या दिवशी त्याने दगड दोनच पावलं पुढे नेला, आणि घरी आला.

फाल्गुनात दगड पाचव्या वळणावर होता. अजून तीन वळणं बाकी होती, आणि हिशेबाने दिवस पुरेसे होते. पण बाळाने हिशेब मानला नाही. पठारावरून माणूस आला. "मुलगी झाली. वीस दिवस आधीच. दोघी ठीक आहेत. मला यायला उशीर झाला, परवा बारावा."

बलसेनने रेवतीला विचारलं, "पाळणा कुठे आहे? अनुलाचा?"

"माडीवर. मी काढते."

"राहू दे," तो म्हणाला, आणि शिडी चढून वर गेला. कोपऱ्यात पाळणा होता, सागवानी, कडेला चिमण्या कोरलेला. रेवती खाली शिडी धरून उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

बाराव्या दिवशी झुंजुमुंजू होताच बलसेन निघाला. मागून वत्सक आपले बैल घेऊन चालला. पाच वळणं ओळखीची होती. बलसेन दर वळणाला पाळणा झाडाला टांगायचा, दम घ्यायचा, निघायचा. पाचव्या वळणावर पांढरा दगड दिसला. तो क्षणभर थांबला. तिथून पुढे त्याचे पाय कधी गेले नव्हते.

सहावं वळण गेलं. सातवं जाताना दुपार उतरली. सातव्यापासून माथ्यापर्यंत नुसता काळा कातळ, एक झुडूपही नाही. पाळणा टांगायला जागा नाही आणि टेकवायची सोय नाही. अर्ध्या कातळावर बलसेनचे गुडघे वाकायला लागले. पाळण्याची कड जमिनीपासून वीतभर राहिली.

वत्सक एका हातावर होता. एवढ्या वर्षांत त्याने किती बैलांच्या पाठीवरचा भार उतरवला असेल, त्याचा हात आपोआप पुढे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि पाठीशी धरला. त्या घडीला हात लावणं सोपं होतं, न लावणं अवघड होतं.

"शेटजी," तो म्हणाला, "माथ्याकडे बघू नका. तो पिवळा डाग दिसतो कातळावर? वीस पावलं आहेत."

"वीस?"

"वीसच."

बलसेनने पाळणा वर उचलला आणि पिवळ्या डागापर्यंत गेला. तिथे उभ्या उभ्या श्वास घेतला. पुढे एक चीर होती, तिच्यापर्यंत गेला. मग एक शेवाळलेला खळगा. पुढचे टप्पे वत्सकाने दाखवले नाहीत, बलसेनने स्वतःच शोधले. असं करत करत एकदा पुढे शोधायला काही उरलं नाही, कारण पायाखाली गवत होतं. तो माथ्यावर उभा होता.

अनुलाच्या अंगणात तिची सासू बसली होती. सुनेचं मनगट तिच्या हातात होतं आणि दोऱ्याची गाठ अर्धी सैल झाली होती. ती बाई दुष्ट नव्हती. दर थोड्या वेळाने सूर्याकडे बघायची आणि बोटं थांबवायची. घाटाच्या बाजूने बैलांच्या घंटा वाजल्या तशी तिने मान वर केली.

"पाळणा कुठे टेकला नाही ना?" तिने विचारलं.

"मी मागेच होतो," वत्सक म्हणाला. "टेकला नाही."

सासूने दोऱ्याची गाठ पुन्हा आवळली, वर आणखी एक मारली, आणि व्याह्यांसाठी पाणी आणायला आत गेली.

अनुलाला आधी बापाची ओळखच पटली नाही. मग ती म्हणाली, "बाबा, चालत आलात?"

"नाहीतर काय, उडत?" बलसेन म्हणाला, आणि दोघंही रडायला लागली.

पाळणा आढ्याला टांगला, नात त्यात निजली, तेव्हा बलसेनने कमरेची पुरचुंडी सोडली. रेवतीने बरोबर एक लाडू दिला होता. त्याने तो हातात धरला आणि घुटमळला. "आज पौर्णिमा नाही."

"पौर्णिमा ठेवली ती रोज नको म्हणून. अशा दिवशी नको म्हणून नाही," वत्सक म्हणाला.

बलसेनने लाडू मोडून अर्धा अनुलाच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "लहानपणी तुम्ही मला ओंजळी भरभरून लाडू द्यायचात. पण माझ्याजवळ बसून कधी खाल्ला नव्हतात."

"बसायला वेळ नव्हता," बलसेन म्हणाला. मग बापलेकीने तो अर्धा अर्धा लाडू अगदी सावकाश खाल्ला. वेलची बेताची होती.

त्यानंतर बलसेन दरसाल दोनदा घाट चढून लेकीकडे जाऊ लागला. पौर्णिमेचा लाडू त्याने मरेपर्यंत सोडला नाही, आणि काडीने चाखलेले त्याचे लाडू आधीपेक्षा चांगले होतात, असं खुद्द नगरशेटच म्हणू लागला.

शास्त्यांनी गोष्ट संपवली आणि म्हणाले, "सुयामा, तो बलसेन तूच होतास. तुझा दगड जागेवर ठेवणारी रेवती म्हणजे तुला खीर वाढणारी ती उपासिका. अनुला आज भिक्षुणींच्या विहारात आहे. आणि मीठ वाहणारा वत्सक मी होतो."

"आणि चांद्या?" सुयामाने विचारलं.

"तो तिकडे भिंतीशी बसलाय," शास्ते म्हणाले. "तुझ्याआधी शिकला." भिंतीशी बसलेल्या एका भिक्षूने मान खाली घातली आणि बाकीचे हसले.

मग शास्ते म्हणाले, "एका दमात घेतलेली शपथ म्हणजे अधिष्ठान नव्हे. दहा दिवस तापात पडून उठल्यावर दगड दोन पावलं पुढे नेला, त्या निश्चयाला अधिष्ठान म्हणतात. बोधिसत्त्वाने ही पारमिता, म्हणजे बुद्ध होण्याआधी पूर्णत्वाला न्यायचा हा गुण, बैलांना शिकवता शिकवता पूर्ण केली. आता सांग, जातोस का?"

सुयामाने खांद्यावरची झोळी काढून खुंटीला टांगली. मग त्याने विचारलं, "आज कुठपर्यंत चालू?"

"त्या आंब्यापर्यंत," शास्ते म्हणाले. आंबा विहाराच्या दारातच होता.